जुन्या पाककृतींचा पुनःप्रयोग आणि ग्रंथांची साक्ष

जुन्या ग्रंथांतील पाककृती शोधून काढून त्या पुन्हा सिद्ध करण्याचा उद्योग अलीकडे बराच वाढला आहे. इतिहासाची जिज्ञासा राजवंश आणि लढाया यांच्यापलीकडे जाऊन चुलीपर्यंत पोहोचली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु अशा रीतीने सिद्ध केलेल्या पदार्थांस 'यादवकालीन', 'शिवकालीन', 'समर्थकालीन' अशी विशेषणे ज्या सहजतेने जोडली जातात ती पाहता, या उद्योगाचे थोडे परीक्षण करणे आम्हांस अवश्य वाटते. ताम्रपटाचा काल ठरविताना आपण त्याची लिपी, भाषा आणि मिती या तिन्ही तपासतो. नाणे हाती आले तर त्याचे वजन घेतो. मग ताटातल्या पदार्थाचा काल मात्र केवळ त्याच्या नावावरून का मान्य करावा?

आमच्या जालना जिल्ह्यास हा प्रश्न विशेष लागू आहे. जिल्हा म्हणून जालना १९८१ साली तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. पण भोकरदनचे भोगवर्धन हे नगर सातवाहनांच्या काळी प्रसिद्ध होते, आणि घनसावंगी तालुक्यातील जांब हे गाव शके १५३० मध्ये, म्हणजे इ. स. १६०८ साली, झालेल्या समर्थ रामदासांच्या जन्माने पावन झालेले आहे. साहजिकच जुन्या पाकग्रंथांपैकी जो ग्रंथ समर्थांच्या नावाजवळ येतो, त्याच्या आधाराने 'समर्थांच्या घरचे अन्न' सिद्ध करण्याचा मोह येथे होणारच. तो ग्रंथ म्हणजे रघुनाथ गणेश नवहस्त याचा 'भोजनकुतूहल'.

रघुनाथ हा महाराष्ट्रीय पंडित. समर्थांचा स्नेही म्हणून अभ्यासक त्याचा उल्लेख करितात. पुढे तंजावर येथे व्यंकोजीराजे भोसले यांची राणी दीपाबाई हिचा आश्रय त्यास लाभला. त्याच्या काळाची व ग्रंथांची चर्चा भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी केली असून, सतराव्या शतकाचा उत्तरार्ध हा त्याचा काळ ठरतो. भोजनकुतूहलाचा पहिला परिच्छेद १९५६ साली त्रिवेंद्रम येथे मुद्रित झाला. ग्रंथ मोलाचा आहे, यात शंका नाही. तथापि त्याचा प्रकार कोणता हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. हा ग्रंथ मुख्यतः संग्रहात्मक आहे. धान्ये, शाका, फळे, दूध, दही, तूप आणि सिद्धान्ने यांचे गुणदोष वैद्यकाच्या दृष्टीने सांगताना तो पूर्वसूरींची वचने एकत्र करितो. म्हणजे एखादा पदार्थ त्यात आला एवढ्यावरून तो तंजावरच्या मुदपाकखान्यात शिजत होता असेही सिद्ध होत नाही. मग तो गोदातीरीच्या जांबेत एका ठोसरांच्या घरी शिजत होता हे कोठून सिद्ध होणार? ग्रंथकाराचा स्नेह आणि ग्रंथातील पक्वान्न या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आमच्या मते जुन्या पाककृतीस चार कसोट्या लावल्या पाहिजेत: शब्दाची, द्रव्याची, मानाची आणि मौनाची. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिली कसोटी शब्दाची. शब्द टिकतो आणि वस्तू पालटते, हा भाषेच्या इतिहासातला नित्याचा अनुभव आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथातील अन्नभोगप्रकरणात 'इडरिका' आहे. इडलीचा हा पूर्वज, असे सर्वजण सांगतात. पण सोमेश्वराची इडरिका उडदाची आहे, तीत तांदूळ नाही. आजची इडली करून तीस चालुक्यकालीन म्हणणे म्हणजे नातवाचे चित्र काढून खाली आजोबांचे नाव लिहिणे होय. उलट बाजूने, शब्द संस्कृत असला म्हणजे वस्तू येथलीच असेही नाही. जिलबीस संस्कृतात 'कुंडलिनी', 'कुंडलिका' अशी सुरेख नावे आहेत. परंतु 'जिलबी' हा शब्द अरबी-फारसी 'झुलाबिया', 'झलाबिया' यांजकडून आलेला आहे, आणि बगदादच्या इब्न सय्यार अल्-वर्राक याच्या दहाव्या शतकातील पाकग्रंथात हा पदार्थ आढळतो. संस्कृत नाव हे त्या पाहुण्याचे येथे झालेले बारसे समजावे.

शब्दाची कसोटी नेहमी नकारच देते असे मात्र नव्हे. सोमेश्वराच्या 'मंडकां'चे उदाहरण पाहा. गहू धुऊन, वाळवून, दळून, चाळून त्याची कणीक मळावी, गोळे करावेत, ते हातांनी पसरावेत आणि तापलेल्या खर्परावर भाजावेत, अशी त्याची रीत. आमच्याकडे व खानदेशात मांडे आजही हातांवर पसरून उपड्या खापरावरच भाजतात. मंडक आणि मांडा, खर्पर आणि खापर. येथे केवळ पदार्थाचे नाव नव्हे, तर साधनाचे नाव आणि हाताची क्रिया या तिन्ही गोष्टी जुळतात. तीन स्वतंत्र साक्षी एकमुखाने बोलल्या म्हणजे परंपरा अखंड आहे असे म्हणण्यास हरकत नाही. असा पुरावा किती पदार्थांस मिळतो, हे प्रत्येकाने मोजून पाहावे.

दुसरी कसोटी द्रव्याची. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग ही सर्व अमेरिकाखंडाची देणगी. १४९२ पूर्वी ती या देशात असणे शक्य नाही. संस्कृतातील 'मरिच' म्हणजे काळी मिरी. आज आमच्या जिल्ह्यात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी आणि मिरचीच्या ठेच्याशिवाय भाकरी शोभत नाही. परंतु याच कारणासाठी हिरव्या मिरचीचा ठेचा 'यादवकालीन' ताटात वाढता येत नाही. हे सर्वांस ठाऊक आहे, तरीही ताटात मिरची येतेच, कारण तिच्यावाचून खाणाऱ्यास ते ताट जुने वाटत नाही! इतिहास हा रुचीच्या सोयीने वाकविला जातो तो असा.

द्रव्याची दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. नाव तेच, पीक तेच, पण वाण पालटलेले. देशातील पहिली संकरित ज्वारी, सी. एस. एच. १, ही १९६४ साली प्रसृत झाली, आणि त्याच वर्षी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन झाली. पुढे जालना हे बियाण्यांच्या धंद्याचे मोठे केंद्र बनले. यात वाईट काही झाले असे आम्ही म्हणत नाही. दुष्काळी मुलुखाला अधिक धान्याची गरज होतीच. परंतु ज्यास जुनी भाकरी पुन्हा करावयाची आहे, त्याने पीठ कोणत्या ज्वारीचे हे आधी सांगितले पाहिजे. संकरित खरीप ज्वारीच्या पिठाची भाकरी आणि दगडी किंवा मालदांडी ज्वारीची रब्बी भाकरी या एक नव्हेत, हे थापणारीचा हात पिठाला पाणी लावताच सांगतो.

तिसरी कसोटी मानाची. आमच्या अनुभवाने पुनःप्रयोग येथेच बहुधा फसतात. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त कुंडलिनीची जी कृती आहे ती घेऊ. नवे मडके घेऊन त्यास आतून अर्धा प्रस्थ आंबट दही लावावे. दोन प्रस्थ समिता म्हणजे बारीक गव्हाचे पीठ, एक प्रस्थ आंबट दही आणि अर्धा शराव तूप एकत्र घोळून त्या मडक्यात घालावे. आंबेपर्यंत उन्हात ठेवावे. मग सच्छिद्र पात्रातून फिरवीत फिरवीत तापलेल्या तुपात सोडावे आणि शेवटी साखरेच्या पाकात टाकावे. प्रस्थ म्हणजे सोळा पले, शराव म्हणजे आठ पले. म्हणून हिशेब असा होतो: पीठ बत्तीस पले, दही सोळा पले, मडक्यास लावलेले दही आठ पले, तूप चार पले.

या प्रमाणाने घोळले असता काय होईल, हे कोणत्याही सुगरणीस विचारावे. मऊ कणीक होईल. छिद्रातून धार पडणार नाही. मग काय, ग्रंथकार चुकला? की ही कृती कोणी करून न पाहताच लिहिली? आधुनिक प्रयोगकर्ता येथे निमूटपणे पाणी ओततो आणि पुढे जातो. पण उत्तर शास्त्रातच आहे. शार्ङ्गधरसंहितेत मानपरिभाषा सांगताना म्हटले आहे की, गुंजेपासून कुडवापर्यंत द्रव, आर्द्र आणि शुष्क द्रव्यांचे मान सारखेच धरावे. प्रस्थापासून पुढे मात्र द्रव व आर्द्र द्रव्ये दुप्पट घ्यावीत. दही हे द्रव मानले म्हणजे एक प्रस्थ दही प्रत्यक्षात बत्तीस पले होते. पिठाच्या बरोबरीने दही, शिवाय मडक्याचे आठ पले: आता पीठ ओघळते आणि धार पडते. तूप अर्धा शराव, म्हणजे कुडवाइतकेच असल्यामुळे ते दुप्पट होत नाही. म्हणजे ग्रंथ बरोबर आहे. तो वाचणाराने त्याच्या मापांची भाषा वाचली नाही इतकेच. येथे पाकाने ग्रंथाचा अर्थ ठरविला आणि ग्रंथाने पाकाचा. पुनःप्रयोगाचे खरे फळ ते हेच.

दुसरे उदाहरण 'आईन-ई-अकबरी'चे. तिचा कर्ता अबुल फझल याचे नाव जालना शहराशी परंपरेने जोडलेले असल्यामुळे आमच्याकडे तेही प्रिय आहे. त्यात खिचडीस तांदूळ, मुगाची डाळ आणि तूप ही प्रत्येकी पाच शेर, मीठ एक तृतीयांश शेर, आणि इतक्यात सात थाळ्या होतात असे लिहिले आहे. अकबरी शेर सुमारे ६३० ग्रॅमचा धरला तर मीठ व पाणी सोडून एका थाळीस सुमारे १,३५० ग्रॅम जिन्नस येतो. ही एका माणसाची थाळी नव्हे. पंगतीतल्या अनेकांचे ते वाढण आहे. आजचे प्रयोगकर्ते तूप चमचाभर करितात आणि नाव मात्र अकबराचे ठेवितात. तूप कमी करण्यास आमची हरकत नाही. ते कमी केले असे लिहून ठेवावे, एवढीच विनंती आहे. पाठ बदलला तर संपादक तळटीप देतो. पाकात बदल केला तर तसेच का करू नये?

चौथी कसोटी मौनाची, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. सोमेश्वराचे अन्नभोगप्रकरण भाताच्या आठ जातींनी आरंभ होते. कल्याणी हे नगर ज्वारीच्या मुलुखात आहे. पण त्या मुलुखाचा राजा मोजतो ते तांदूळ! निघंटूंस ज्वारी 'यावनाल' या नावाने ठाऊक आहे, परंतु गुणांची एखादी ओळ लिहून ते पुढे जातात. भाकरी कशी थापावी, कण्या किती शिजवाव्यात, आंबील किती वेळ आंबवावी, हुलग्यांच्या शेंगोळ्यांचे पीठ किती घट्ट असावे, येसरास धान्य किती भाजावे, हे कोणत्याही संस्कृत ग्रंथाने लिहून ठेविलेले नाही. ज्यांना ते येत होते त्यांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांना ते लिहिण्याजोगे वाटले नाही. समर्थांची टाकळीची तपश्चर्या संपली त्याच सुमारास, १६३० ते १६३२ या वर्षांत, दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला होता. त्या काळचे गोदातीरीचे ताट म्हणून जो पाच पक्वान्ने मांडतो, त्याने ग्रंथ वाचले असतील; इतिहास वाचला नाही.

ग्रंथांच्या या मौनावर दोन उपाय आहेत. एक उत्खननाचा. १९७३ साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी भोकरदन येथे उत्खनन केले. त्याच्या अहवालात नाणी, मृत्पात्रे, हस्तिदंती काम यांबरोबर जळक्या धान्याचाही अभ्यास आहे. हस्तिदंती मूर्तीची चर्चा पुष्कळ झाली. त्या धान्याची फारच थोडी. पाककृतींच्या अभ्यासकांनी आपला आरंभ पाकग्रंथापासून न करता या धान्यापासून केला तर त्यांचे पाऊल घट्ट जमिनीवर पडेल.

दुसरा उपाय चुलीजवळचा, आणि त्यास फार अवधि उरलेला नाही. गावोगावी सत्तरी-ऐंशीच्या घरातील आज्या अद्याप आहेत. खापरावर मांडा टाकणारे, पायली-शेर-चिपट्याच्या मापाने पीठ घेणारे हात त्यांचे आहेत. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे आली. त्या मापांचा अर्थ जाणणारी पिढी तीच शेवटची. शेर गावोगाव निराळा असे; तो किती मोठा होता हे विचारण्यास आणखी वीस वर्षांनी कोणी सापडणार नाही. तेव्हा आमची सूचना अशी की, प्रत्येक पदार्थाची नोंद घेताना गाव, सांगणाराचे वय, धान्याचे वाण, माप व त्याचे आजचे वजन, भांडे, इंधन, ऋतु आणि पदार्थ कोणत्या प्रसंगी करीत, इतक्या गोष्टी लिहाव्यात. सांगणारीचे म्हणणे तिच्याच शब्दांत उतरावे. त्यास ग्रांथिक करू नये. ती 'मूठभर' म्हणाली तर ती मूठ तिच्यासमक्ष तोलावी.

भोजनकुतूहल आणि मानसोल्लास कोठे जात नाहीत. मुद्रित होऊन ते ग्रंथालयांत सुरक्षित आहेत, आणि त्यांचे परीक्षण पुढील पिढ्याही करतील. जांब, भोकरदन, परतूर, अंबड या भागांतील घराघरांतील नोंद मात्र याच दशकात व्हावयास हवी. मंडळाच्या तरुण सभासदांनी एक एक गाव वाटून घ्यावे, आणि पहिली नोंद आपल्याच घरच्या चुलीपासून करावी.