टाइपरायटरचे वजन

जुन्या व्हिडिओ गेममधील सामानसुमान पुन्हा घडवताना बारकावे वाढवले की मुळाशी इमान राखले, असा समज आहे. कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट ईव्हिल २’ची १९९८ची प्लेस्टेशन आवृत्ती आणि २०१९ची पुनर्निर्मिती शेजारी ठेवली की तो तपासता येतो.

मूळ खेळात पोलीस ठाण्याच्या खोल्या म्हणजे आधी तयार केलेली स्थिर चित्रे होती. कॅमेरा एकाच जागी असे. मेजाला दिसण्यापुरती बाजू पुरे. २०१९मध्ये कॅमेरा खेळाडूच्या खांद्यामागून फिरू लागला आणि प्रत्येक मेजाला पाठ द्यावी लागली. मुळात नसलेली ही पाठ नक्कल नव्हे, भाष्य आहे. आणि ते बहुतांशी समर्थ आहे.

टाइपरायटरपाशी मात्र ते डळमळते. पूर्वी खेळ जतन करायला त्याची रिबन खर्चावी लागे, आणि रिबनी मोजक्याच मिळत. त्यामुळे ते पुसट यंत्र दिसताच खेळाडू हिशेब मांडू लागे. नव्या खेळात यंत्र रेखीव झाले. रिबनीची अट मात्र ‘हार्डकोर’ या कठीण पातळीपुरती उरली. इतर पातळ्यांवर कितीही वेळा, फुकट जतन करता येते. म्हणजे आकार परत आला, धास्ती आली नाही. जुना टाइपरायटर भेटतो तो ‘हार्डकोर’ खेळणाऱ्यालाच.