आत्मनिवेदन आणि क्रियापदाचे लिंग

माया कोबाबे यांचे 'जेंडर क्विअर' (२०१९) हे चित्रमय आत्मचरित्र स्त्री व पुरुष या दोन्ही संज्ञांत न सामावणाऱ्या व्यक्तीच्या वाढीचा व आत्मबोधाचा आलेख होय. तेथील भाषिक संघर्ष तृतीयपुरुषी सर्वनामाभोवती केंद्रित होतो. कोबाबे यांनी स्वतःसाठी 'ई' हे निराळे सर्वनाम स्वीकारले. 'मी' म्हणताना मात्र इंग्रजी भाषा लिंग विचारीत नाही. मराठीत 'गेलो' की 'गेले', हा निर्णय आत्मनिवेदनाच्या पहिल्याच वाक्यात करावा लागतो. तथापि 'मी जाईन' या भविष्यकाळात, तसेच 'मी पुस्तक वाचले' या कर्मणी प्रयोगात वक्त्याचे लिंग अव्यक्तच राहते. अशा आत्मचरित्राच्या मराठी अनुवादाची कसोटी शब्दसंग्रहापेक्षा या प्रयोगविवेकात आहे.