न शोषणारा कागद आणि नीलपंख

दसऱ्याच्या दिवशी चाष पक्ष्याचे दर्शन घडावे, अशी आमच्याकडील जुन्या माणसांची श्रद्धा आहे. संस्कृतातील हा चाष म्हणजे मराठीतील नीलपंख, तेलुगूतील पालपिट्ट; आज तो तेलंगणाचा राज्यपक्षी आहे. तामसीच्या शिवारात तारेवर बसलेला असताना तो मातकट, सामान्य दिसतो. उडाला की पंखांतील निळाई एकदम उघडते. या पक्ष्याची तीन जलरंगचित्रे एका चित्रकार स्नेह्यांनी गेल्या दसऱ्यास माझ्यापुढे ठेविली आणि विचारिले, “वकीलसाहेब, देवळाच्या सभामंडपासाठी यांतले कोणते देऊ?” चित्रे नेहमीच्या कागदावर नव्हती, पाणी मुळीच न शोषणाऱ्या कृत्रिम कागदावर होती. तेव्हा निवाडा करण्यापूर्वी त्या कागदाचाच विचार करणे प्राप्त झाले.

हा कागद वस्तुतः कागद नव्हे. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा तो शुभ्र, गुळगुळीत ताव होय. जपानात १९६९ साली स्थापन झालेल्या कंपनीचा ‘युपो’ हा त्यातील प्रसिद्ध प्रकार. भिजून फाटू नयेत असे नकाशे आणि लेबले छापण्यास तो सोयीचा. चित्रकारांनी तो आपलासा केला. नेहमीच्या कागदात पाणी तंतूंमध्ये शिरते आणि रंग तेथे रुजतो. येथे पाणी वरच साचते, हवेने सावकाश वाळते आणि रंग पृष्ठभागावर डिंकाच्या आधाराने केवळ बसून राहतो. बोटाचा तेलकटपणा लागला तर तेवढ्या जागी रंग धरत नाही. वाळलेल्या रंगावर ओला कुंचला फिरविला की खालचा थर सुटतो. त्यामुळे थरावर थर चढविण्याची जलरंगाची जुनी रीत येथे चालत नाही.

पहिल्या चित्रात पक्षी उडत आहे. या कागदाचे गुण तेथे पूर्णांशाने दिसतात. दोन निळ्या छटा ओल्या असतानाच एकमेकींत शिरल्या आहेत. थेंबाच्या कडेला रंग साचून पिसांच्या किनारी आपोआप उमटल्या आहेत. रंग आत न मुरल्यामुळे त्याचे तेज जराही मंदावलेले नाही. तथापि डोळा, चोच आणि पाय शोधू लागलो तर हाती काही लागत नाही. रंगाने जे दिले ते चित्रकाराने घेतले. स्वतःचे असे थोडेच घातले. हा निळाईचा उत्सव आहे, पक्षी मात्र निमित्तमात्र.

दुसऱ्या चित्रातील पक्षी निर्दोष आहे, आणि तेच मला खटकले. स्नेह्यांनी सांगितले की, मान सहा वेळा पुसून सातव्यांदा काढली. या कागदावर ओल्या फडक्याने चूक पुसता येते. काही हट्टी रंगांचा फिकट डाग सोडला तर मागे खूण उरत नाही. आम्हां वकिलांस अशा कोरेपणाची भीती वाटते. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे २० वे कलम सांगते की, दस्तात खाडाखोड असेल तर त्यापुढे करून देणाऱ्याची सही हवी; नाहीतर दस्त नाकारता येतो. कायदा चुकीस गुन्हा मानीत नाही. ती उघड असावी, इतकेच मागतो. शोषणाऱ्या कागदावर प्रत्येक फटकारा कबुलीजबाबासारखा राहतो, म्हणून हात सावध होतो आणि डोळा आधी पाहून घेतो. पुसण्याची मुभा अमर्याद झाली की पाहण्याची निकड कमी होते. मान सुबक झाली, पण ती त्या पक्ष्याची राहिली नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल की, मग गुळगुळीत पृष्ठच त्याज्य का? तसे नव्हे. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीरापुढे आणलेल्या अपूर्व प्राण्यांत एक टर्की कोंबडा होता. उस्ताद मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. मोगल चित्रकारांचा कागदही घोटून गुळगुळीत केलेला असे. पण मन्सूरच्या कोंबड्याचे प्रत्येक पीस पाहून काढलेले आहे. आमच्या शेजारच्या निर्मळचे कारागीर लाकडाच्या गुळगुळीत फळीवर पक्षी रंगवीत आले. पृष्ठ कोणतेही असो, आधी पाहणे चुकत नाही.

तिसरे चित्र साधे आहे. पक्षी तारेवर बसलेला, पंख मिटलेले, निळाईची फक्त एक कड दिसते. गळ्यावरच्या फिक्या रेघा ओल्या रंगातून कोरड्या कुंचल्याने उचलून काढल्या आहेत. येथे पुसणे हे चूक लपविण्याचे साधन न राहता रेखाटण्याचे साधन झाले आहे. एका पायाची नखे किंचित फसली आहेत आणि ती तशीच ठेविली आहेत. या कागदाचा स्वभाव ओळखून, परंतु त्याच्या अधीन न होता, काढलेले चित्र हेच.

मी तेच देवळास द्यावे असे सांगितले. मात्र काचेच्या चौकटीत. कारण या चित्रावर संरक्षक लेप नाही. सणापूर्वीच्या साफसफाईत कोणा भाविकाने प्रेमाने ओले फडके फिरविले, तर चौकटीत कोरा ताव उरेल, आणि दसऱ्याच्या सकाळी दर्शनास आलेल्यांना नीलपंख दिसणार नाही.