ग्रंथव्यवहारातील अनामिक

सीमाभागातील वाङ्मयाचा विषय निघाला की १९४६ च्या बेळगाव संमेलनाचे, माडखोलकरांच्या अध्यक्षपदाचे व संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावाचे स्मरण होते. ते योग्यच आहे. परंतु त्याच बेळगावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय चालत आले, ते ठरावांच्या नव्हे, पुस्तके नोंदविणाऱ्या व मांडणाऱ्या हातांच्या बळावर.

निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवून कथा लिहीत, हे प्रत्येक समीक्षक आवर्जून सांगतो. त्या कथांची मुद्रिते कोणी तपासली, सीमाबोलीतील एखादा शब्द ‘शुद्ध’ होण्यापासून कोणी वाचविला, हे मात्र कोणी विचारीत नाही. मुद्रणदोष राहिला तरच आम्हां समीक्षकांस मुद्रितशोधक आठवतो. या पापाचे धनी आम्हीही आहोत.

महाराष्ट्र शासन लेखकाच्या पहिल्या पुस्तकाचा स्वतंत्र गौरव करते. बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचा काव्यपुरस्कार त्याचसाठी आहे. श्री. पु. भागवत यांच्या नावाचा पुरस्कार प्रकाशनसंस्थेस मिळतो, पण तो नावारूपास आलेल्या संस्थेस. मग नवख्या संपादकाने सिद्ध केलेल्या पहिल्या ग्रंथाची दखल कोणी घ्यावयाची? पहिलेपण काय केवळ लेखकालाच असते?

कडोली, उचगाव, कारदगा येथील संमेलनांत स्वयंसेवक सतरंज्या अंथरतो, ग्रंथदिंडीची पालखी उचलतो. त्यालाही शाल द्यावी असे आमचे म्हणणे नाही. शाली पुष्कळ झाल्या. त्याचे नाव अहवालात छापावे, आणि पुढील वर्षी ग्रंथविक्रीस काय ठेवावे हे त्यास विचारावे. कोणते पुस्तक लोक हाताळून परत ठेवतात, हे व्यासपीठापेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असते.