नाट्यपरीक्षण आणि त्याचे प्रतिसाद : कोल्हापूरच्या रंगपरंपरेच्या संदर्भात

प्रस्तावना

नाटकाचा पडदा पडल्यानंतर त्या प्रयोगाविषयी तीन ठिकाणी बोलले जाते. रंगपटात नट आणि दिग्दर्शक बोलतात, नाट्यगृहाबाहेरच्या चहाच्या गाडीवर प्रेक्षक बोलतात आणि दोन-चार दिवसांनी वृत्तपत्राच्या रकान्यात परीक्षक बोलतो. पहिली दोन बोलणी त्याच रात्री विरून जातात. तिसरे छापले जाते, कात्रण होऊन फाईलमध्ये राहते आणि पुढे पुन्हा वाचले जाते. नाट्यपरीक्षणाविषयी रंगकर्मींच्या मनात असलेल्या अपेक्षेचे आणि रागाचे एक कारण या टिकाऊपणात आहे.

मराठी नाट्यसमीक्षेचा अभ्यास करताना समीक्षकाची भूमिका, निकष आणि भाषा यांचा ऊहापोह होतो. परीक्षण प्रसिद्ध झाल्यावर रंगकर्मी त्याला कसे सामोरे जातात आणि प्रेक्षक त्यावर कितपत विसंबतो, हा प्रश्न मात्र तुलनेने कमी विचारला जातो. प्रस्तुत लेखात कोल्हापूरच्या रंगपरंपरेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. व्यावसायिक दौऱ्याचे नाटक आणि हौशी स्पर्धेचे नाटक हे दोन्ही प्रकार या शहरात एकाच प्रेक्षकवर्गासमोर येत राहिले असल्याने परीक्षणाच्या प्रतिसादांतील भेद येथे स्पष्टपणे तपासता येतो.

प्राश्निक, प्रेक्षक आणि सिद्धी

प्रयोगाचे मूल्यमापन कोणी करावे, हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील सिद्धिविषयक अध्यायात प्रयोगाच्या यशाचे दोन प्रकार मानले आहेत. हास्य, प्रशंसोद्गार, रोमांच, वस्त्र किंवा अंगठी फेकणे अशा प्रकट प्रतिसादांतून व्यक्त होते ती मानुषी सिद्धी. रंगगृह भरलेले असूनही जेथे आवाज नाही, चलबिचल नाही, तेथे दैवी सिद्धी. प्रयोगात येणाऱ्या विघ्नांमध्ये शत्रुपक्षाने केलेला आरडाओरडा आणि फेकाफेक यांचीही दखल भरताने घेतली आहे. प्रेक्षकाचा प्रतिसाद कधीकधी हेतुपुरस्सर असतो, ही जाणीव इतकी जुनी आहे.

त्याच अध्यायात वाद उद्भवल्यास निर्णय देणाऱ्या प्राश्निकांचा उल्लेख येतो. त्यांत व्याकरण जाणणारा, छंद जाणणारा, नर्तक, चित्रकार, धनुर्विद्येचा जाणकार, गणिका, राजा असे भिन्न क्षेत्रांतील लोक आहेत. एकच व्यक्ती संपूर्ण प्रयोग जोखू शकत नाही, प्रत्येकाने आपापल्या अधिकारातील भागाविषयी बोलावे, ही त्यामागची भूमिका दिसते. आजच्या परीक्षकाकडून संहिता, अभिनय, नेपथ्य, संगीत आणि प्रकाशयोजना या सर्वांविषयी एका रकान्यात निर्णयाची अपेक्षा केली जाते. ही अपेक्षा किती अवघड आहे, हे या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

संगीत नाटक आणि तत्क्षणीचा निकाल

राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर 1915 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाठीशी खासबागेचे कुस्तीचे मैदान आहे. 1957 मध्ये या थिएटरला कोल्हापूरचे सुपुत्र, ‘ललितकलादर्श’चे संस्थापक केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. कुस्तीच्या मैदानात डावाला दाद मिळते ती डाव पडताक्षणी. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाची रीत याहून फारशी वेगळी नव्हती. पद आवडले की ‘वन्समोअर’ आणि नाही आवडले की हुर्यो, हाच त्या काळचा निकाल होता. तो नटाला त्याच क्षणी कळत असे आणि पुढच्या पदात सुधारणा करण्याची संधीही त्याला मिळत असे.

या तत्क्षणीच्या निकालाला मर्यादाही होती. वन्समोअर गायनाला मिळे, नाटकाला नव्हे. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर एकत्र आले. त्या प्रयोगाची आठवण मराठी मनात आजही राहिली आहे ती मुख्यतः दोन गायक नटांच्या भेटीची म्हणून. खाडिलकरांच्या नाट्यरचनेचे त्या रात्री काय झाले, याकडे लक्ष वेधायला टाळ्यांपलीकडची, लेखी साक्ष लागते. प्रेक्षकाचा प्रतिसाद आणि समीक्षकाचे लेखन परस्परांना पर्याय ठरू शकत नाहीत, हे येथे दिसून येते.

छापील शब्दाची शक्ती आणि तिची मर्यादा

परीक्षणाचा परिणाम किती दूरवर जाऊ शकतो, याचे टोकाचे उदाहरण ‘कीचकवधा’चे आहे. खाडिलकरांचे हे नाटक 1907 मध्ये रंगभूमीवर आले. कीचकात लॉर्ड कर्झन आणि द्रौपदीत पीडित देश पाहणाऱ्या प्रेक्षकांना त्यातले रूपक समजावून सांगावे लागले नाही. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त या नाटकाविषयी आलेल्या वृत्तान्ताचा आधार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी 1910 च्या आपल्या ग्रंथात घेतला. त्या वृत्तान्ताचा भर प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर आहे. त्याच वर्षी सरकारने नाटकावर बंदी घातली. लिहिणाऱ्याची दृष्टी वैऱ्याची होती, तरीही प्रेक्षागृहात काय घडत होते याचे ते बारकाईने केलेले वर्णन होते. याचमुळे अभ्यासकाला आजही त्या लेखनाकडे जावे लागते.

याच्या उलट, समीक्षकाची प्रशंसा नाट्यसंस्थेला तारू शकतेच असे नाही. 1 जुलै 1933 रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने सादर केलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’ या श्री. वि. वर्तकांच्या नाटकाला मराठी नाट्येतिहासात नव्या पर्वाचे स्थान मिळाले. संस्था मात्र थोड्याच वर्षांत थांबली. कौतुक आणि तिकीटविक्री यांचे गणित वेगवेगळे असते, हा धडा त्यातून मिळतो.

नाटककाराच्या मनावर होणारा परिणाम आणखी वेगळा असतो. विजय तेंडुलकरांच्या ‘गृहस्थ’ (1955) या नाटकाला यश लाभले नाही, तेव्हा पुन्हा नाटक लिहायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. तो निश्चय टिकला नाही, हे मराठी रंगभूमीचे भाग्य. पुढे त्याच नाटकाचे पुनर्लेखन होऊन ‘कावळ्यांची शाळा’ आकाराला आले. प्रतिकूल प्रतिसादाला दिलेले हे सर्वांत फलदायी उत्तर म्हणता येईल. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात प्रथम सादर झालेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे 19 प्रयोगांनंतर काय झाले, हेही सर्वज्ञात आहे. मातृसंस्थेने प्रयोग थांबवले. त्यावर कलावंतांनी ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली आणि नाटक पुन्हा उभे केले. आक्षेपांना उत्तर मिळाले ते प्रयोगातूनच.

परीक्षण केव्हा येते यालाही महत्त्व आहे. लंडनमध्ये मे 1958 मध्ये हॅरॉल्ड पिंटर यांच्या ‘द बर्थडे पार्टी’वर प्रतिकूल परीक्षणांचा भडिमार झाला आणि आठवडाभरात प्रयोग बंद पडले. हॅरॉल्ड हॉब्सन यांचे प्रशंसापर परीक्षण छापून आले ते नाटक उतरल्यानंतर. त्या परीक्षणाने तिकिटे खपली नाहीत, परंतु एका नाटककाराविषयीची साक्ष नोंदली गेली आणि काळाने ती खरी ठरवली.

कोल्हापुरातील दोन प्रकारची नाटके

या पार्श्वभूमीवर कोल्हापूरच्या परिस्थितीकडे पाहता येते. मुंबई-पुण्यात शुभारंभ झालेले व्यावसायिक नाटक दौऱ्यावर येथे पोहोचते, तोवर त्याची परीक्षणे छापून झालेली असतात. त्यांतली सोयीची अर्धी ओळ जाहिरातीत आलेली असते. कलाकारांची नावे परिचित असतात, मालिकांमुळे चेहरे त्याहून परिचित असतात. अशा नाटकाचा प्रेक्षक परीक्षण वाचून तिकीट काढतो, असे मानण्याचे कारण नाही. तो नाव पाहून येतो आणि शेजाऱ्याच्या शब्दावर येतो. नाटक दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी गेलेले असते. स्थानिक परीक्षकाने काहीही लिहिले तरी निर्मात्याच्या हिशेबात त्याने फरक पडत नाही आणि म्हणून त्याच्यावर कोणी रागावतही नाही.

स्पर्धेतील नाटकाची स्थिती नेमकी उलट आहे. 1954 पासून सुरू असलेल्या शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेचे कोल्हापूर हे एक केंद्र आहे. बँकेत, शाळेत, कारखान्यात काम करणारी माणसे महिनोन्‌महिने तालमी करतात आणि त्यातून उभे राहते ते एका रात्रीचे नाटक. प्राथमिक फेरीत त्याचा एकच प्रयोग होतो आणि पुढची फेरी न मिळाल्यास बहुधा तोच शेवटचा ठरतो. त्या प्रयोगात दिवा वेळेवर लागला नाही किंवा एखादा नट अडखळला, तर दुरुस्तीला दुसरी संधी नसते. अशा प्रयोगाचे परीक्षण वृत्तपत्रात येते तेव्हा रंगकर्मींना ते निकालाच्या आधीचा निकाल वाटते. एकीकडे शासनाचे परीक्षक, दुसरीकडे वृत्तपत्राचे परीक्षक. मराठीत दोघांना शब्दही एकच आहे.

शब्दांचा हा गोंधळ केवळ वरवरचा नाही. ‘टीका’ या शब्दाचा मूळ अर्थ विवरण असा आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे आणि तिने गीतेत दोष काढले असे कोणी म्हणत नाही. व्यवहारातील मराठीत मात्र ‘टीका झाली’ म्हणजे दोष काढले गेले. विवरणाचा अर्थ मागे पडला आणि निवाड्याचा अर्थ पुढे आला. गुण आणि क्रमांक यांच्या वातावरणात वाढलेल्या स्पर्धेच्या रंगभूमीवर हा दुसरा अर्थ विशेष बळावला आहे.

रंगकर्मींचे आक्षेप

रंगकर्मींच्या आक्षेपांत तीन प्रमुख आहेत. पहिला, परीक्षकाने स्वतः नाटक केलेले नसते. हा आक्षेप तर्काला धरून नाही. शिवाय मराठीत तो वस्तुस्थितीलाही पूर्णपणे धरून नाही. ‘अधांतर’सारखे नाटक लिहिणारे जयंत पवार वृत्तपत्रातून नाट्यपरीक्षणेही करीत होते. दुसरा आक्षेप, परीक्षणे कथानक सांगण्यात संपतात आणि प्रयोगाविषयी शेवटच्या परिच्छेदात एकेका विशेषणाने बोळवण करतात. हा आक्षेप रास्त आहे. ‘प्रकाशयोजना पूरक’ आणि ‘नेपथ्य साजेसे’ या वाक्यांतून रंगमंचावर काय उभे होते ते कळत नाही. तिसरा आक्षेप पूर्वग्रहाचा. एकाच शहरात सगळे एकमेकांना ओळखत असल्याने तो सिद्ध करणे आणि खोडून काढणे दोन्ही कठीण असते.

परंतु या परिचयाचा अधिक मोठा दुष्परिणाम रागात नसून मवाळपणात दिसतो. उद्या मंडईत भेटणाऱ्या माणसाविषयी कठोर लिहिणे अवघड जाते. मग सर्वांचे प्रयत्न स्तुत्य ठरतात आणि सर्वांची कामे लक्षवेधी होतात. असे परीक्षण कोणाला दुखवत नाही, त्याचप्रमाणे कोणाला काही देतही नाही. नटाला आपली चूक कळत नाही, प्रेक्षकाला निवड करता येत नाही आणि वीस वर्षांनी अभ्यासकाला त्यातून प्रयोग उभा करता येत नाही. रंगकर्मी जाहीरपणे तक्रार करतात ती कठोर परीक्षणाची. खाजगीत खंत मात्र अनेकदा, आपले नाटक कोणी नीट पाहिलेच नाही, अशीच असते. विंदा करंदीकरांनी अनुवादिलेला ‘राजा लिअर’ करण्याचे धाडस ‘प्रत्यय’सारखी कोल्हापूरची संस्था करते, तेव्हा मराठी लिअर रंगमंचावर कसा चालला, कोठे थांबला, कोणत्या शब्दावर त्याचा आवाज बदलला, हे लिहिणारा माणूस तिला हवा असतो. ‘उत्तम प्रयोग’ हे दोन शब्द त्यासाठी पुरत नाहीत.

समारोप

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच आणि छप्पर जळून गेल्याचे पाहून कोल्हापूरकर हळहळले. वास्तू पुन्हा बांधता येते. त्या रंगमंचावर अनेक दशके झालेले प्रयोग मात्र आता प्रेक्षकांच्या आठवणीत आणि लिहून ठेवलेल्या शब्दांत तेवढे उरले आहेत. स्पर्धेतील एका रात्रीच्या नाटकांबाबत तर वृत्तपत्रातले परीक्षण हाच अनेकदा एकमेव लेखी पुरावा असतो. त्यात विशेषणांखेरीज काही नसेल तर ते नाटक दुसऱ्यांदा नष्ट होते.

यावरून नाट्यपरीक्षणाची एक साधी कसोटी मांडता येते. प्रयोगाला हजर नसलेल्या वाचकाला तो लेख वाचून रंगमंचावर काय घडले, हे कळले पाहिजे. ही कसोटी उतरली तर परीक्षकाचा अभिप्राय अनुकूल की प्रतिकूल, हा प्रश्न दुय्यम ठरतो, कारण वाचक त्या वर्णनावरून स्वतःचे मत बनवू शकतो आणि रंगकर्मी त्या मताशी मुद्द्याने वाद घालू शकतो. साक्ष तपासता येते. नुसता निवाडा मान्य करावा लागतो किंवा झिडकारावा लागतो.

या कामात महाविद्यालयांनाही वाटा उचलता येईल. मराठी विभागांतून नाटक प्रामुख्याने संहिता म्हणून शिकवले जाते. विद्यार्थ्यांना स्थानिक प्रयोग दाखवून त्याचे लेखी वर्णन करायला लावणे, स्पर्धेच्या काळातील परीक्षणांची कात्रणे ग्रंथालयात वर्षवार जतन करणे, रंगकर्मींना त्या परीक्षणांवर लेखी उत्तर देण्यास सांगून तेही सोबत ठेवणे, या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. अशा संग्रहात परीक्षकाचा शब्द अखेरचा राहणार नाही. पुढच्या पिढीतील अभ्यासकाला परीक्षण आणि त्याचे उत्तर ही दोन्ही शेजारी ठेवून कोल्हापूरच्या रंगभूमीचा इतिहास लिहिता येईल.