‘फकिरा’ आणि हजेरी

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) ही कादंबरी पुष्कळांनीं शौर्यकथा म्हणून वाचली व वाखाणली. दुष्काळांतील लूट आणि अखेरचें आत्मसमर्पण यांनीं वाचक भारावतो, हें खरें. परंतु आमच्या मतें या कादंबरीचा गाभा लुटींत नाहीं. तो हजेरींत आहे.

गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ सालीं झाला आणि १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासहि लागू झाला. जमातीचें नांव एकदां यादींत चढलें, कीं तींत जन्मलेला मनुष्य, त्यानें कोणाची काडीहि उचललेली नसो, संशयित ठरे; त्यानें हजेरी द्यावी व परवानगीवांचून गांव सोडूं नये. लेखकाचें वाटेगांव तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें, आज तें सांगलीच्या वाळवा तालुक्यांत आहे. तेथील मांगवाड्याचें चित्र काढतांना शिक्का आधीं बसतो व गुन्हा मागाहून घडतो, हा क्रम लेखकानें अचूक दाखविला आहे.

तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. फकिरा इतका उदात्त आहे, कीं वाचक त्याला त्याच्या थोरपणासाठीं क्षमा करतो. मग ज्याच्या अंगीं असा थोरपणा नाहीं त्याचें काय? अन्याय त्याच्यावरहि तितकाच झाला. ही उणीव फलटण तालुक्यांतील लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनानें भरून काढली. तेथें वीरपुरुष नाहीं. गाढवांवर बिऱ्हाड लादून हिंडणारें, टोपल्या विणणारें कैकाडी कुटुंब आहे आणि शाळेंत जाऊं पाहणारा एक मुलगा आहे.

आतां हें सर्व जुनें झालें, असें कोणी म्हणेल. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला खरा. पण ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली त्याच सालीं मुंबई राज्यांत सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. निकष जन्माचा राहिला नाहीं, वारंवार झालेल्या शिक्षेचा झाला. दिसावयास हें न्याय्यच. परंतु चोरी होतांच पोलिसांचीं पावलें प्रथम पारध्यांच्या पालांकडे वळत असतील, तर शिक्षांची बेरीज कोणाच्या नांवावर जमणार? ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढावयास सांगितलें, आणि विमुक्त जमातींना जात्याच सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तुरुंगनियमांनाहि दोष दिला.

दाराशीं टोपल्या विकावयास आलेली बाई दिसतांच आपला हात कडीकडे कां जातो, हें ज्याला स्वतःस विचारावयाचें असेल, त्यानें हीं दोन्ही पुस्तकें लागोपाठ वाचावीं.