आज्ञावलीतील स्थिरांक आणि स्ट्रिंग : खान्देशातील नामांतराच्या संदर्भात एक चिकित्सा

संगणकाच्या आज्ञावलीत 'जळगाव', 'धुळे' यांसारखी नावे अवतरणचिन्हांत जागोजागी लिहू नयेत. त्यांऐवजी एकदाच घोषित केलेले स्थिरांक वापरावेत, हे तत्त्व अध्यापनात बहुधा निर्विवाद मानले जाते. त्यामागील तर्क सबळ आहे. एके ठिकाणी 'जळगाव' व दुसरीकडे 'जळगांव' असे टंकित झाल्यास कंपायलर हरकत घेत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही वैध स्ट्रिंगच असतात. तुलना मात्र असत्य ठरते आणि विद्यार्थ्याची नोंद यादीतून निमूटपणे गळते. स्थिरांकाचे नाव चुकले तर आज्ञावली कंपाइलच होत नाही. मराठीत हा धोका अधिकच आहे. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गाळले, तरी जुन्या कागदपत्रांत ते टिकून आहेत. शिवाय युनिकोडमध्ये 'ऱ' हे अक्षर एका संकेतांकाने किंवा 'र' व नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येते. डोळ्यांना हा भेद दिसतही नाही.

तथापि येथेच थांबणारी मांडणी अपुरी आहे. स्थिरांक अक्षरे सांभाळतो, अर्थ सांभाळत नाही. जळगाव येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. हे नाव एखाद्या आज्ञावलीत स्थिरांक म्हणून असेल, तर एका ओळीच्या दुरुस्तीने काम भागावे अशी अपेक्षा असते. परंतु जावा भाषेत अशा स्थिरांकाचे मूल्य कंपाइल होतानाच तो वापरणाऱ्या प्रत्येक क्लासमध्ये उतरवले जाते. केवळ मूळ फाइल पुन्हा कंपाइल केली, तर गुणपत्रक छापणारा भाग जुनेच नाव छापत राहतो. सी-शार्पमध्ये एका असेंब्लीतील 'कॉन्स्ट' दुसरीत वापरल्यास हेच घडते. सर्व फाइली कंपाइल केल्या तरी दुसरी अडचण उरतेच : २०१० च्या पदवीची नोंद दाखवताना त्या वेळचे नाव हवे, आणि स्थिरांकाला काळ ठाऊक नसतो.

'धुळे' या शब्दाचेही तसेच आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे १९९१ च्या जनगणनेतील धुळे आणि २००१ च्या जनगणनेतील धुळे हे भिन्न प्रदेश आहेत. दोहोंची आकडेवारी एकाच स्थिरांकाखाली जोडली गेली, तर कोणताही कंपायलर ती चूक दाखवणार नाही. नावाऐवजी संकेतांक घ्यावा म्हटले, तर तोही अढळ नाही. २००१ च्या जनगणनेत राज्यांतर्गत क्रमाने धुळ्याचा संकेतांक २ व जळगावचा ३ होता; २०११ मध्ये ते अनुक्रमे ४९८ व ४९९ झाले.

'उत्तीर्ण', 'अनुत्तीर्ण', 'अनुपस्थित' यांसारख्या अवस्थांवर आज्ञावलीचे तर्कशास्त्रच उभे असते. त्यांच्यासाठी स्थिरांक, किंवा २००४ मध्ये जावा ५ सोबत आलेला 'एनम', हेच योग्य साधन होय. जिल्हे व संस्थांची नावे ही शासननिर्णयांनी बदलणारी माहिती आहे. तिची जागा डेटाबेसमध्ये, 'केव्हापासून' व 'केव्हापर्यंत' या दोन रकान्यांसह असावयास हवी. आज्ञावलीत फार तर त्या रकान्यांची नावे स्थिरांक म्हणून राहतील.